तार गोठवली म्हणून सूर उजळतो का?

माझ्या एका स्नेह्यांनी निवृत्तीनंतर घरात चांगली संगीतयंत्रणा उभारायचे ठरवले. आयुष्यभर आकाशवाणीवर आणि कॅसेटवर ऐकलेले गाणे आता सवडीने, नीट ऐकायचे, एवढीच त्यांची इच्छा. ॲम्प्लिफायर ठरला, स्पीकर ठरले आणि गाडी अडली ती तारांपाशी. विक्रेत्याने त्यांच्यापुढे दोन तारा ठेवल्या. दिसायला दोन्ही सारख्या, तांबे एकाच प्रतीचे, वरचे आवरणही तेच. फरक इतकाच, की दुसरी तार द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत, गोठवून पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणलेली होती. तिची किंमत पहिलीच्या तिप्पट. ‘तंबोऱ्याची जवारी ऐका साहेब, मग कळेल,’ असे विक्रेता म्हणाला. स्नेह्यांनी ऐकले, त्यांना फरक जाणवल्यासारखा वाटलाही. पण खिशात हात घालण्यापूर्वी त्यांनी मला दूरध्वनी केला. ‘यात काही तथ्य आहे का?’ हा त्यांचा प्रश्न.

‘नाही’ असे एका शब्दात सांगून मोकळे होता आले असते. परंतु ही क्रिया म्हणजे निव्वळ थोतांड नव्हे, आणि म्हणूनच तिचा उलगडा थोडा सविस्तर करावा लागतो. धातू गोठवून त्याचे गुणधर्म सुधारण्याचे तंत्र उद्योगजगतात खरोखरच वापरले जाते. प्रश्न आहे तो पोलादाला लागू पडणारी गोष्ट तांब्याला लागू पडते का, हा.

‘क्रायोजेनिक’ हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला तो ‘इस्रो’च्या अग्निबाणांमुळे. उणे २५३ अंशांचा द्रवरूप हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारे स्वदेशी इंजिन वापरून जीएसएलव्हीचे उड्डाण प्रथम यशस्वी झाले ते जानेवारी २०१४ मध्ये. त्यामुळे या शब्दाभोवती एक वलय निर्माण झाले आहे. ऑडिओच्या बाजारात हे वलय आयतेच कामी येते. वास्तविक द्रवरूप नायट्रोजन ही काही अप्राप्य वस्तू नव्हे. पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत दुचाकीला ॲल्युमिनियमचे फुगीर पात्र बांधून फिरणारा पशुसेवक अनेकांनी पाहिला असेल. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्यकांड्या त्या पात्रात उणे १९६ अंशांतच ठेवलेल्या असतात. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने हे तंत्र गोठ्यापर्यंत नेऊन कैक वर्षे झाली.

आता पोलादाकडे वळू. लोहार कोयत्याला किंवा छिन्नीला ‘पाणी पाजतो’, म्हणजे लालबुंद तापवलेले पोलाद एकदम पाण्यात वा तेलात बुडवतो. तापलेल्या पोलादात लोहाचे अणू ज्या रचनेत बसलेले असतात तिला ऑस्टेनाइट म्हणतात. ही रचना तुलनेने मऊ असते. झटकन थंड करताच अणूंची मांडणी बदलते आणि मार्टेन्साइट ही अतिशय कठीण रचना तयार होते. मात्र हा बदल बहुधा पुरता होत नाही. कार्बन आणि अन्य मिश्रणद्रव्ये अधिक असलेल्या पोलादात काही ऑस्टेनाइट तसाच शिल्लक राहतो, कारण त्याचे रूपांतर पूर्ण होण्यासाठी खोलीच्या तापमानाहून पुष्कळच खाली जावे लागते. पोलाद सावकाश उणे १९० अंशांच्या आसपास नेले, तेथे दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ ठेवले आणि तितक्याच सावकाश परत आणले, की हा शिल्लक भागही बहुतांशी बदलतो. पुढे पोलाद पुन्हा बेताने तापवले, की कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण धातूत सर्वत्र विखुरतात. परिणामी हत्यार कमी झिजते.

अमेरिकेतील लुइझियाना टेक विद्यापीठातील रँडल बॅरन यांनी या विषयावर विस्तृत प्रयोग करून १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत हत्यारी पोलादांची झीज रोखण्याची क्षमता लक्षणीय वाढलेली दिसली. पण साधे कार्बन पोलाद आणि बीड यांना या थंडीचा म्हणण्यासारखा लाभ झाला नाही. ही बाब जाहिरातींत सहसा येत नाही. गोठवण्याचा उपयोग होतो तो धातूच्या पोटात काही काम अपुरे राहिलेले असेल तर. लोहाच्याच कुळातील काही सभासदांच्या बाबतीत ते तसे नसते. मग तांब्याची काय कथा?

तांब्यात बदलायला आहे काय?

तांबे १,०८५ अंशांना वितळते. तेथून थेट निरपेक्ष शून्याजवळपर्यंत त्याच्या अणूंची मांडणी एकच राहते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि सहा पृष्ठांच्या मध्यावर अणू, अशी ही रचना थंडीत किंचित आकसते, परंतु बदलत नाही. पोलादातील ऑस्टेनाइटासारखे शिल्लक काही तांब्यात नसतेच. तेव्हा हत्यारांच्या बाबतीत गोठवण्यामागचे जे मुख्य कारण, ते तारेच्या बाबतीत आरंभीच गळून पडते.

यावर समर्थकांचे म्हणणे असे, की तार ओढताना तांब्याच्या स्फटिकांत ताण आणि दोष निर्माण होतात, ते थंडीने ‘विरघळतात’. पहिला अर्धा भाग खरा आहे. तांब्याची कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढत तिची तार केली जाते आणि या ओढाताणीत तिचा विद्युत्‌रोध दोन-तीन टक्क्यांनी वाढतो. पण यावरचा इलाज कारखान्यातच होतो आणि तो थंडीचा नसून उष्णतेचा आहे. तार काहीशे अंशांना तापवून सोडली, की अणूंना हालचालीची मुभा मिळते, विस्कटलेले स्फटिक नव्याने घडतात आणि रोध मूळपदावर येतो. या क्रियेला ॲनीलिंग म्हणतात. आपल्या घरात येणारी लवचिक, अनेक बारीक धाग्यांची तार ही अशी मऊ केलेलीच असते. न केलेली तार हाताला ताठर लागते. थंडीने अणूंची हालचाल वाढत नाही, गोठते. गोठवून स्फटिक मोठे होतील अशी अपेक्षा करणे म्हणजे शीतकपाटात ठेवलेले पीठ लवकर आंबेल असे म्हणण्यासारखे आहे.

अर्थात उणे १९६ अंशांना तांब्याचा रोध खरोखरच कमी होतो. तो थोडाथोडका नव्हे, खोलीच्या तापमानाच्या तुलनेत साधारण एक-अष्टमांश होतो. हा आकडा काही विक्रेते मोठ्या उत्साहाने सांगतात. पण तो तार त्या थंडीत असेपर्यंतचा आहे. ती दिवाणखान्यात आली, की रोधही पूर्ववत होतो. भर उन्हाळ्यात महाबळेश्वरी जाऊन आलेल्या माणसाने मुंबईत परतल्यावरही मला गारच वाटते आहे असे म्हणावे, तसा हा युक्तिवाद आहे.

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. धातूमधील रोध दोन कारणांनी उद्भवतो. एक, उष्णतेमुळे सतत थरथरणाऱ्या अणूंशी होणारी इलेक्ट्रॉनांची टक्कर. दुसरे, अशुद्धी, स्फटिकांतील दोष आणि स्फटिकांच्या सीमा. तांबे द्रवरूप हेलियमच्या तापमानापर्यंत नेले, की पहिले कारण जवळपास नाहीसे होते आणि उरतो तो केवळ दुसऱ्या कारणाचा रोध. साध्या, विजेच्या कामासाठी बनवलेल्या मऊ तांब्यात हा उरलेला रोध खोलीच्या तापमानाच्या रोधाच्या सुमारे पन्नासावा ते शंभरावा भाग असतो. याचा अर्थ आपल्या घरातील तारेच्या एकंदर रोधात अशुद्धी, दोष आणि सीमा या साऱ्यांचा मिळून वाटा एक ते दोन टक्के इतकाच आहे. गोठवण्याची क्रिया अशुद्धी काढू शकत नाही आणि स्फटिकही वाढवू शकत नाही. पण वादासाठी समजू की तिने हे सारे केले, तांबे अगदी निर्दोष केले. तरीही कमाल लाभ दोन टक्क्यांचा.

हे दोन टक्के किती, ते पाहू. अडीच चौरस मिलिमीटर छेदाची तीन मीटर तार घेतली, तर जाऊन-येऊन सहा मीटर लांबीचा रोध सुमारे ०.०४१ ओहम भरतो. समोर आठ ओहमचा स्पीकर असेल तर या तारेमुळे आवाजात होणारी घट ०.०४५ डेसिबल. यातील दोन टक्के वाचले, तर फायदा एका डेसिबलच्या सुमारे हजाराव्या भागाइतका. आवाजाच्या पातळीतील एक डेसिबलचा फरक सामान्यतः लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळतो. प्रयोगशाळेतल्या उत्तम परिस्थितीत, सरावलेल्या कानाला, तो एक-पंचमांश डेसिबलपर्यंत कळू शकतो. आपला फायदा त्याच्याही दोनशेव्या भागाएवढा आहे.

तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशामागे ०.३९ टक्क्याने बदलतो. खोलीचे तापमान ३२ अंशांवरून २५ वर आणले, तर तारेचा रोध जवळपास पावणेतीन टक्क्यांनी उतरतो. म्हणजे द्रवरूप नायट्रोजनकडून अशक्य कोटीतली जी सुधारणा आपण गृहीत धरली, तिच्याहून अधिक सुधारणा वातानुकूलन यंत्राची कळ दाबून होते. पुण्यातील घरात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत याहूनही अधिक अंतर असते, पण हिवाळ्यात तंबोरा अधिक उजळ वाजतो अशी तक्रार वा प्रशंसा कोणी केल्याचे ऐकिवात नाही. स्पीकरच्या आतल्या वेटोळ्याचे तर विचारूच नये. मोठ्या आवाजात ते वेटोळे साठ अंशांनी तापले, तरी त्याचा रोध पावपट वाढतो, आणि तेथील ती वाढ एक ओहमच्याही वर जाते.

स्फटिकांच्या सीमेवरचा ‘अडथळा’

रोधाचे गणित मान्य करणारे काही जण वेगळा पवित्रा घेतात. त्यांच्या मते प्रश्न रोधाचा नाहीच, स्फटिकांच्या सीमांचा आहे. सीमेवर इलेक्ट्रॉन अडखळतो, तेथे जणू लहानसा डायोड तयार होतो आणि नाजूक सूर खरखरीत होतात, अशी ही उपपत्ती आहे. याच विचारातून एकसंध स्फटिकाच्या तारेलाही मागणी आली. जपानच्या चिबा इन्स्टिट्यूटमधील आत्सुमी ओनो यांनी धातू ओतण्याची जी पद्धत शोधली, तीतून अशी तार प्रत्यक्षात निघते. धातुशास्त्रातील ते एक सुंदर काम आहे, यात शंका नाही.

मात्र सीमेची ही भीती मोजमापापुढे टिकत नाही. खोलीच्या तापमानाला तांब्यातील इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या दरम्यान सरासरी ४० नॅनोमीटर अंतर कापतो. तारेतील एक स्फटिक सामान्यतः २० ते ५० मायक्रोमीटरचा. म्हणजे एका सीमेपासून दुसरीपर्यंत पोहोचण्याआधीच इलेक्ट्रॉन शेकडो वेळा थरथरत्या अणूंवर आपटलेला असतो. शेकडो धक्के खाऊन पोहोचलेल्याला वेशीवरच्या एका धक्क्याची काय क्षिती! शिवाय ही सीमा म्हणजे तांब्याला लागलेले तांबेच. डायोडला लागणारे दोन भिन्न पदार्थ तेथे नसतात.

ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर यांना जोडणाऱ्या बारीक तारेत तर रोधाला आणखीच कमी महत्त्व आहे, कारण पुढच्या यंत्राचा आगमरोध दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. तेथे महत्त्व असते धारितेला, आणि तीही मीटरभर तारेत साधारण शंभर पिकोफॅरड, एवढी कमी असते की तिचा परिणाम सेकंदाला सोळा लाख कंपनांच्या आसपास दिसू लागतो. माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो, आणि निवृत्तीच्या वयात त्याच्याही बराच अलीकडे. अपवाद एक: जुन्या पद्धतीच्या ग्रामोफोनच्या पिनेला जोडलेल्या तारेची धारिता आवाजावर खरोखर परिणाम करते. पण धारिता ठरते ती तारेच्या लांबीवर, रचनेवर आणि आवरणाच्या पदार्थावर. गोठवून पूर्ववत केलेले आवरण हे तेच आवरण असते.

तेच असते, असे म्हणतानाही एक शंका मनात येते. खोलीच्या तापमानापासून उणे १९६ अंशांपर्यंत जाताना तांबे ०.३ टक्के आकसते, तर टेफ्लॉन सुमारे दोन टक्के. तीन मीटर तारेत तांबे नऊ मिलिमीटर आखडते आणि त्यावरचे आवरण सहा सेंटिमीटर आखडू पाहते. पीव्हीसी तर या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते. तयार तार प्लगसकट गोठवली, तर कथिलाच्या डाखावर आणि आवरणाच्या टोकांवर जो ताण येतो तो हिताचा म्हणता येणार नाही. सावकाश गोठवणारे जाणकार ही हानी टाळत असतील. पण मग त्या सगळ्या खटाटोपाचे उत्तम फलित काय, तर तार बिघडली नाही.

मग कानाला जाणवते ते काय?

येथे माझ्या स्नेह्यांचा अनुभव विचारात घ्यायला हवा. त्यांना फरक जाणवला होता. ते खोटे बोलत नव्हते आणि त्यांचा कान कच्चाही नाही. भारतीय संगीत ऐकणाऱ्याला सूक्ष्म भेदांवर विश्वास ठेवायला शिकवावे लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे झाला, की सूर मिटतो किंवा खुलतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांची कीर्ती हस्तिदंती किंवा हाडाची घोडी कानसाने घासून जवारी काढण्याच्या कौशल्यावर उभी आहे. इतक्या लहान गोष्टीने एवढा फरक पडतो हे ज्याने अनुभवले, त्याने ‘तार गोठवल्यानेही पडत असेल’ असे मानले तर त्यात भोळेपणा नाही.

परंतु जवारी आणि गोठवलेली तार यांत एक मूलभूत फरक आहे. जवारी काढलेला आणि न काढलेला तंबोरा डोळे मिटून ऐकवा. शंभरातील शंभर वेळा श्रोता बरोबर सांगेल. दोरा कोठे आहे ते त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तारांची ख्याती मात्र बहुतेक वेळा तार कोणती हे ठाऊक असतानाच पसरलेली असते.

ठाऊक असण्याने ऐकणे बदलते. महागडी तार जोडल्यावर आपण अधिक लक्ष देऊन ऐकतो आणि लक्ष दिले की एरवी निसटलेला तंबोरा, वादकाचा श्वास, तबल्याच्या शाईचा नाद हे सारे ‘नव्याने’ ऐकू येते. ते ध्वनिमुद्रणात आधीही होतेच. तार बदलायला लागणाऱ्या मिनिट-दोन मिनिटांत आधीच्या नादाची नेमकी आठवण पुसट होते. नादाच्या बारकाव्यांची स्मृती काही सेकंदांचीच असते. परत येऊन बसताना डोके चार बोटे सरकलेले असते. पाच हजार कंपनांच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम सात सेंटिमीटर असते, त्यामुळे भिंतींवरून येणारे परावर्तन मिसळून तेवढ्या अंतरातही वरच्या सुरांची पातळी डेसिबलच्या हजाराव्या भागाने नव्हे, चांगली जाणवेल इतकी बदलते. आणि कधी कधी तार काढून पुन्हा घातल्यानेच प्लगवरचा गंज घासला जातो व आवाज खरोखर सुधारतो! त्याचे श्रेय नव्या तारेला मिळते. जुनीच काढून पुन्हा घातली असती तरी तेच झाले असते.

‘दोनशे तास वाजवल्यावर तार खुलते’ हा सल्लाही असाच. दोनशे तासांत सरावतो तो आपला कान, आणि दुकानदाराची वस्तू परत घेण्याची मुदत बहुधा तोवर उलटून गेलेली असते.

हा गोंधळ टाळण्याचा मार्ग म्हणजे झाकून ऐकणे. तारांच्या बाबतीत असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये केलेल्या चाचणीत फारच बारीक तार आणि जाड तार यांतील फरक सलग गोंगाटासारख्या चाचणी-ध्वनीत श्रोत्यांना ओळखता आला; पण साधी जाड तार आणि नामांकित महागडी तार यांतला फरक संगीत ऐकताना ओळखता आला नाही. २००७ मध्ये चमत्कारांचे पितळ उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकरची तार साध्या तारेहून वेगळी असल्याचे झाकून ओळखून दाखवणाऱ्याला आपल्या प्रतिष्ठानचे दहा लाख डॉलरचे बक्षीस देऊ केले. एका समीक्षकाने आव्हान स्वीकारलेही, परंतु वादावादीत ती चाचणी कधी झालीच नाही.

खास गोठवण्याच्या संदर्भात बोलायचे तर अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडलेला ट्रम्पेटचा प्रयोग अधिक बोलका आहे. ट्रम्पेट पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे. शिवाय तेथे धातू स्वतः थरथरतो, त्यामुळे थंडीचा परिणाम होण्याची शक्यता मुक्या तारेपेक्षा अधिक. सारख्या दहा ट्रम्पेटपैकी निम्मे गोठवून, वादकांना कोणता कोणता ते न सांगता वाजवायला दिले. वादकावादकांतील आणि मुळात वाद्यावाद्यांतील जो फरक होता, त्यापुढे गोठवण्याचा फरक दिसून आला नाही.

घरच्या घरी

ही चाचणी घरी करणे अवघड नाही. तारा एकाच रिळातल्या, एकाच लांबीच्या हव्यात. एक गोठवलेली, एक न गोठवलेली. वेगळ्या जाडीची साधी तार तुलनेला घेतली तर चाचणी गोठवण्याची न राहता जाडीची होते. घरातील एका व्यक्तीने दुसऱ्या खोलीत नाणे उडवून छापा आला तर पहिली आणि काटा आला तर दुसरी तार जोडायची, तशी नोंद करायची आणि जोडून झाल्यावर आपण आत यायच्या आधी बाहेर निघून जायचे. तिच्या चेहऱ्यावरूनही आपल्याला सुगावा लागतो. तीच तार पुन्हा आली तरी ती काढून पुन्हा जोडायचीच, नाही तर लागणारा वेळच चुगली करतो. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही. एकच दोन मिनिटांचा तुकडा दर वेळी ऐकायचा आणि उत्तर कागदावर लिहायचे. असे सोळा वेळा. निव्वळ अंदाजाने सरासरी आठ उत्तरे बरोबर येतात. बारा किंवा अधिक बरोबर येण्याची अंदाजाने शक्यता शंभरात चारही नाही. तेवढी आली तर फरक गांभीर्याने घ्यावा. चार-पाच वेळा ऐकून थांबू नये, कारण नाणेही लागोपाठ चार वेळा छापा दाखवते.

तारेवर खर्च मुळीच करू नये असे नाही. स्पीकरच्या तारेची जाडी पुरेशी हवी आणि लांबी गरजेपुरती. बारीक तार पंधरा मीटर फिरवून नेली तर तिचा रोध खरोखरच आवाजावर परिणाम करतो. जोडांचे स्क्रू घट्ट हवेत. मुंबई-कोकणातील दमट, खारट हवेत उघडे तांबे काळवंडते, तेव्हा वर्षातून एकदा टोके कापून नवी काढावीत. ही असली तार लॅमिंग्टन रोडवर वा तपकीर गल्लीत मीटरवर मिळते आणि तिच्या शुद्धतेबद्दल चिंता नको. विजेच्या कामाचे मऊ तांबे वाहकतेच्या १९१३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या शंभर टक्क्यांच्या घरात असते. महागडे, ऑक्सिजनविरहित म्हणून विकले जाणारे १०१ टक्के. या दोहोंमध्ये जेवढी जागा, तेवढ्यात सगळा बाजार थाटला आहे. त्याऐवजी तिप्पट किमतीतून वाचलेले पैसे खोलीवर खर्चावेत. उघड्या भिंती, काचेची खिडकी आणि गुळगुळीत फरशी असलेल्या दिवाणखान्यात काही मंद्र सुरांची पातळी शेजारच्या सुरापेक्षा दहा-दहा डेसिबलनी वरखाली होते. जाड पडदा, गालिचा, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले स्पीकर, यांचा परिणाम नाणे न उडवताही कळतो.

हे सारे मी स्नेह्यांना दूरध्वनीवर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडे जाऊन एकाच रिळातील तीन-तीन मीटरच्या दोन तारा, एक गोठवलेली आणि एक साधी, आठवडाभरासाठी मागितल्या. खूण फक्त एकीच्या प्लगच्या आत असावी, असेही सांगितले. नाणे उडवायला नातू तयार आहे. विक्रेत्याने मालकाला विचारून कळवतो असे सांगितले आहे. तूर्त स्पीकर साध्या तारेवर चालू आहेत आणि काचेच्या कपाटाची जागा बदलण्यावरून घरात चर्चा सुरू आहे.